ओकीचोबी तलावाचा विसर्ग आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं स्कूबा डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडात राहणाऱ्या किंवा सुट्टीत तिकडे जाणाऱ्या डायव्हर मंडळींचा दर उन्हाळ्यातला प्रश्न ठरलेला: "तलावाचं पाणी सोडलंय म्हणे, डायव्ह करायची का?" हो किंवा नाही एवढ्यात याचं उत्तर होत नाही. दरवाजा कुठला, विसर्ग किती क्युसेक, भरती की ओहोटी आणि वारा कुठून, हे चार मुद्दे कळले की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. खालचे प्रश्न त्याच चार मुद्द्यांभोवती आहेत.

तलाव जमिनीत, डायव्ह समुद्रात. मग संबंध येतो कुठे?

कालव्यांमुळे. लेक ओकीचोबी सुमारे ७३० चौरस मैल पसरलेला आहे, पण सरासरी खोली जेमतेम ९ फूट. म्हणजे हंडा नव्हे, परात. उत्तरेकडून किसिमी नदी त्यात येते. पूर्वी जादाचं पाणी दक्षिण काठावरून सावकाश ओसंडून एव्हरग्लेड्सच्या गवतात जिरायचं. १८८० च्या दशकात तलाव पश्चिमेला कलूसाहॅची नदीशी जोडला गेला. पूर्वेकडचा सेंट लुसी कालवा, म्हणजे आजचा सी-४४, १९१६ ते १९२४ या काळात खणला. पूर्व किनाऱ्यावरच्या स्टुअर्ट शहराजवळचं सेंट लुसी खाडीचं समुद्राकडचं मुखसुद्धा नैसर्गिक नाही, ते १८९२ साली माणसांनी फोडलं. थोडक्यात, पूर्व किनाऱ्यावरच्या समुद्राशी या तलावाचं मुळात काहीच नातं नव्हतं.

१९२६ आणि १९२८ च्या चक्रीवादळांत तलाव काठाबाहेर आला आणि हजारोंचे जीव गेले. त्यानंतर १४३ मैलांचा हर्बर्ट हूव्हर बांध उभा राहिला. पातळी फार चढली की बांधाला धोका, म्हणून पाणी सोडावं लागतं. दक्षिणेला आता उसाची शेती आणि कालवे आहेत, तिकडे पाणी नेण्याला मर्यादा आहे. उरतात पूर्व आणि पश्चिम.

पाणी नुसतं गोडं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण गुरांचे गोठे, लिंबूवर्गीय बागा, खतं आणि सेप्टिक टाक्या यांचा फॉस्फरस वर्षानुवर्षं तलावाच्या तळच्या चिखलात साठला आहे. वर्षाला जास्तीत जास्त १४० टन फॉस्फरस तलावात यावा अशी मर्यादा सरकारने ठरवली, पण प्रत्यक्षात तो अनेक वर्षं तिच्या कितीतरी पट येत राहिला. तलाव उथळ असल्यामुळे जोराचा वारा सुटला की तळचा गाळ पुन्हा वर ढवळला जातो. बाहेरून येणारा फॉस्फरस उद्या थांबला तरी आतली शिल्लक पुरून उरेल, अशी स्थिती आहे.

विसर्गाचे आकडे कसे वाचायचे?

मराठी वाचकाला हे सोपं जावं. खडकवासला किंवा कोयनेच्या बातम्यांत येतो तोच क्युसेक इथेही आहे. १,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८,३०० लिटर, दिवसाला साधारण २४५ कोटी लिटर. ओकीचोबीची पातळी एक फुटाने उतरवायची तर अंदाजे २० टीएमसी पाणी काढावं लागतं. पाच फूट म्हणजे जवळजवळ अख्खं कोयना धरण. एकट्या पूर्वेच्या दरवाजातून १,८०० क्युसेक सोडले, तर एक फूट उतरायला चार महिने लागतील. म्हणून विसर्ग सुरू झाला की तो दोन दिवसांत आटपत नाही, आठवडेच्या आठवडे चालतो. सुट्टीची तारीख ठरवताना हे ध्यानात ठेवा.

सेंट लुसीच्या खाडीसाठी सर्व बाजूंनी मिळून १५० ते १,४०० क्युसेक गोडं पाणी मानवतं. १,४०० ते १,७०० मध्ये ताण येतो आणि त्यापुढे नुकसान सुरू होतं. पश्चिमेला कलूसाहॅचीच्या एस-७९ दरवाजावर हेच आकडे ७५० ते २,१००, २,१०० ते २,६०० आणि २,६०० च्या पुढे असे आहेत. ही मापं कालवं (ऑयस्टर) आणि समुद्रगवताच्या हिशेबाने ठरवलेली आहेत, डायव्हरच्या नाही. तरी आमच्या मते डायव्हरलाही तीच कामाची. खाडी ज्या पाण्यात तगते, त्याच्या बाहेरचा समुद्र सहसा डायव्ह करण्याजोगा असतो.

स्टुअर्टला पाणी तपकिरी आहे. ते तलावाचंच कशावरून?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. लोकांनी तलावाला एकदा खलनायक ठरवला की प्रत्येक गढूळ दिवसाचं बिल त्याच्याच नावावर फाडलं जातं.

दोन दरवाजे लक्षात ठेवा. पोर्ट मायाका इथला एस-३०८ हा तलावातून कालव्यात पाणी सोडतो. तिथून सुमारे ३८ किमी पूर्वेला, कालव्याच्या दुसऱ्या टोकाला एस-८० म्हणजे सेंट लुसी लॉक आहे. तो कालव्यातून खाडीत पाणी सोडतो. या दोहोंच्या मध्ये शेतं आणि वस्त्या आहेत, त्यांचं पावसाचं पाणी याच कालव्यात उतरतं.

आता आकडे शेजारी ठेवा. समजा एस-८० वर ९०० क्युसेक दिसतात आणि एस-३०८ वर शून्य. मग समुद्राकडे चाललेलं सगळं पाणी मधल्या पट्ट्यातल्या पावसाचं आहे, तलावाचा त्यात थेंबही नाही. एस-३०८ वर कधी उणे आकडा दिसतो. ती चूक नव्हे. तलाव खाली असेल तर कालव्याचं पाणी उलटं तलावात शिरतं. एस-३०८ वर १,५०० आणि एस-८० वर १,७०० असेल, तर मात्र बहुतेक पाणी तलावाचं.

यात सी-२३ आणि सी-२४ हे कालवे धरलेलेच नाहीत. तेही याच खाडीत उतरतात आणि त्यांचा तलावाशी संबंध नाही. पावसाळी वर्षांत खाडीतल्या गोड्या पाण्याचा मोठा हिस्सा स्थानिकच असतो. डायव्हरला याने फरक पडतो तो असा: स्थानिक पावसाचं पाणी पाऊस थांबल्यावर काही दिवसांत ओसरतं, तलावाचं ओसरत नाही. शिवाय तलावात शेवाळ फुललेलं असताना आलेलं पाणी आणि नुसतं शेतातलं पाणी, यांचा धोका वेगळा. सेप्टिक टाक्यांचे जंतू मात्र दोन्हीकडून येऊ शकतात.

दोन्ही दरवाजांचे रोजचे आकडे आणि तलावाची पातळी यूएस आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं जॅक्सनव्हिल कार्यालय प्रसिद्ध करतं. निघण्यापूर्वी निदान मागच्या सात दिवसांचे आकडे पाहा. कालचा एकच आकडा फसवतो, कारण दरवाजातून सुटलेलं पाणी समुद्राच्या मुखाशी पोहोचायला वेळ घेतं आणि दरवाजा बंद केल्यावरही खाडी लगेच खारी होत नाही.

कोणत्या डायव्ह साइटना झळ बसते?

सगळ्यात आधी सेंट लुसी मुखाच्या आसपासच्या: मुखाच्या दक्षिणेचा सेंट लुसी रीफ, पेक लेकचा पट्टा, स्टुअर्टसमोरची कृत्रिम खडकं आणि बुडवलेली जहाजं. ओहोटीबरोबर तपकिरी पट्टा मुखातून बाहेर पडतो. फ्लोरिडा प्रवाह उत्तरेला वाहतो, म्हणून खोल पाण्यात तो पट्टा उत्तरेकडेच खेचला जातो. पण किनाऱ्याला चिकटून असलेलं पाणी वाऱ्याचं ऐकतं. दोन-तीन दिवस उत्तरेचा वारा राहिला की तेच पाणी दक्षिणेला सरकतं.

ज्युपिटर त्याच्या दक्षिणेला साधारण २५ किमी. तिथल्या मुखातून ओहोटीला निघणारं चहाच्या रंगाचं पाणी लॉक्साहॅची नदीचं असतं, ओकीचोबीचं नाही. ज्युपिटरच्या ६० ते ९० फुटांवरच्या ड्रिफ्ट डायव्ह (प्रवाहाबरोबर वाहत जायच्या डायव्ह) प्रवाहाच्या स्वच्छ पाण्यात होतात. स्टुअर्टला गढूळ पाण्याचा हाहाकार चालू असताना ज्युपिटरला दृश्यमानता उत्तम असणं अगदी शक्य आहे. नुसती बातमी वाचून ज्युपिटरची बोट रद्द करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोलायथ ग्रूपर या अवाढव्य माशांचे थवे पाहायचा मोका उगाच जातो.

मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला झळ मुख्यतः सॅनिबेल आणि फोर्ट मायर्सच्या किनाऱ्याला. २०१२ साली बुडवलेलं मोहॉक जहाज किनाऱ्यापासून सुमारे २८ सागरी मैल दूर, ९० फुटांवर आहे. इतक्या लांब तपकिरी पाणी क्वचितच जातं. तिथला खरा शत्रू लाल भरती, म्हणजे समुद्रातल्या विषारी सूक्ष्म शेवाळाचा फुलोरा. तिच्याबद्दल पुढे.

ब्लू हेरॉन ब्रिजचं काय? तिथे वेळ कशी साधायची?

रिव्हिएरा बीचचा हा पूल लेक वर्थ खाडीवर आहे. समुद्राचं मुख हाकेच्या अंतरावर असल्यामुळे भरतीला तिथे निळंशार समुद्राचं पाणी शिरतं आणि ओहोटीला खाडीचं मचूळ पाणी परत येतं. खोली २० फुटांच्या आसपास. समुद्रघोडे, फ्रॉगफिश, ऑक्टोपस बघायचे असतील तर सगळा खेळ वेळेचा.

तलावाचं पाणी इथे येऊ शकतं, पण आडवळणाने: दक्षिण-पूर्वेच्या कालव्यांतून सी-५१ कालव्यात आणि एस-१५५ दरवाजातून खाडीत. तो दरवाजा पुलाच्या दक्षिणेला सुमारे १५ किमी. पुलाच्या उत्तरेला जवळच सी-१७ कालवा उतरतो, तो शहरातल्या रस्त्यांचं पावसाचं पाणी आणतो. वळवाची सर पडून गेल्यावर पूल गढूळ झाला, तर पहिला संशय सी-१७ वर घ्या.

वेळ अशी धरा. भरतीची पूर्ण वेळ सकाळी १०:३० असेल, तर ९:३० ला पाण्यात उतरा आणि ११ ते ११:१५ पर्यंत बाहेर पडा. भरतीचं कोष्टक पुलाच्या किंवा पाम बीच बंदराच्या नोंदीचं घ्या. समुद्रकिनाऱ्यावरच्या नोंदीत आणि आतल्या नोंदीत फरक असतो. विसर्ग चालू असेल तर शेवटची पंधरा मिनिटं सोडून द्या. पाणी फिरलं की आधी दृश्यमानता जाते आणि मग प्रवाह खांबांमधून ओढायला लागतो. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची) भरती निवडली तर समुद्राचं पाणी जास्त आत येतं, पण स्थिर वेळ कमी मिळते. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत उलट. विसर्गाच्या काळात आम्ही उधाण पसंत करू, थोडा कमी वेळ मिळाला तरी.

डायव्ह फ्लॅग, म्हणजे खाली डायव्हर आहे हे बोटींना सांगणारा झेंडा, कायद्याने बंधनकारक आहे. बोटीवरचा नसेल तर कमीत कमी १२ बाय १२ इंच. मोकळ्या पाण्यात त्याच्यापासून ३०० फुटांच्या आत राहायचा प्रयत्न करायचा, मुखात आणि जलमार्गात १०० फुटांच्या. तपकिरी पाण्यात वरून जाणाऱ्या बोटीला तुमचे बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून झेंड्याची दोरी ताणलेली ठेवा.

पाण्याखाली नेमकं काय बदलतं?

गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. मुखाजवळ वर तपकिरी थर, खाली स्वच्छ खारं पाणी, असं अनेकदा सापडतं. हा थर कधी हातभर असतो, कधी दोन-तीन मीटर. वरून पाहिलं तर डायव्ह रद्द करावीशी वाटते आणि दहा फूट खाली उतरल्यावर रीफ लख्ख दिसतं. पण वरचा थर उजेड गिळतो. दुपारी बारालासुद्धा खाली संध्याकाळ असते, म्हणून टॉर्च घ्या.

दोन पाणी मिसळतात त्या पातळीवर सगळं हलल्यासारखं, चष्म्याला तेल लागल्यासारखं धूसर दिसतं. मास्क पुसून उपयोग नाही. एक-दोन फूट वर किंवा खाली सरका.

तरण्याचा हिशेबही बदलतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट १०० किलो पाणी बाजूला सारणारा डायव्हर पूर्ण गोड्या पाण्यात आला, तर अचानक अडीच किलो जड होतो. वरचा थर अर्धवट मचूळ असेल तर एक-दीड किलो. घोळ वर येताना होतो. १५ फुटांवर खाऱ्या पाण्यात बरोबर तोललेला माणूस तपकिरी थरात शिरला की बुडू लागतो, घाबरून पाय मारतो आणि बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) फुगवत बसतो. म्हणून वर येताना घ्यायचा सुरक्षा-थांबा त्या थराच्या खाली, खाऱ्या पाण्यातच पूर्ण करा. पृष्ठभागावर आल्यावर आधी बीसीडी भरा, मग बोला. वजन कमी करून उतरू नका, नाहीतर खाली खाऱ्या पाण्यात तुम्ही बुचासारखे तरंगाल.

तपकिरी पाणी म्हणजे विषारी पाणी का?

नाही. तपकिरी रंग मुख्यतः कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातल्या टॅनिनचा, कोऱ्या चहासारखा. त्याने दृश्यमानता जाते, तब्येत नाही. गाळामुळे झालेलं अपारदर्शक, राखाडी-तपकिरी पाणी वेगळं. त्याबरोबर जंतूही आलेले असू शकतात.

घाबरायचं ते हिरव्याला. तलावात फुलणारं शेवाळ म्हणजे खरं तर मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया. तो मायक्रोसिस्टिन हे यकृतावर हल्ला करणारं विष तयार करतो. २०१६ च्या जूनमध्ये यामुळे मार्टिन आणि सेंट लुसी काउंटीत आणीबाणी जाहीर झाली होती. २०१८ च्या जुलैच्या सुरुवातीला उपग्रहाच्या अंदाजानुसार तलावाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग हिरवा होता.

ओळखायचं कसं? पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखं, किंवा पालकाच्या पातळ भाजीचा थर असल्यासारखं दिसतं. काठीने उचललं तर केसांसारखे धागे येत नाहीत, रंग लागल्यासारखी काठी होते. धागे आले तर ते साधं शेवाळ. आणखी खात्री हवी असेल तर हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी भरा आणि न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हिरवं कडं वर तरंगत असेल तर सायनोबॅक्टेरियाचा संशय घट्ट धरा, तळाला बसलं असेल तर दुसरं काही. या बरणीवरून विष आहे की नाही ते कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. फ्लोरिडाच्या पर्यावरण विभागाच्या नकाशावर नमुन्यांचे निकाल येतात.

उपग्रहाचं चित्र स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. या पेशींत हवेचे फुगे असतात. शांत पहाटे त्या वर येऊन साय धरतात, वारा सुटला की पाण्यात मिसळून उपग्रहाला दिसेनाशा होतात. ढग आले तर उपग्रहाला काहीच दिसत नाही.

समुद्राच्या मिठाने हे शेवाळ मरतं ना?

मरतं, आणि तिथेच मेख आहे. समुद्राची क्षारता हजार भागांत सुमारे ३५. मायक्रोसिस्टिस थोडं मीठ सहन करतो, पण १८ च्या आसपास त्याच्या पेशी फुटतात. पेशी फुटली की आतलं विष पाण्यात मोकळं होतं. म्हणजे हिरवा रंग नाहीसा झाला तरी विष काही काळ उरतं, फक्त ते आता दिसत नाही. मोकळ्या समुद्रात ते झपाट्याने विरळ होतं. खाडीच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी फारसं हलत नाही, तिथे होत नाही.

उकळून हे विष जात नाही. बोटीवर किंवा घरी कालव्याचं पाणी "उकळलंय ना" म्हणून वापरू नका.

डायव्ह करताना असं कितीसं पाणी पोटात जातं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. नेदरलँड्समध्ये डायव्हरांवर झालेल्या एका अभ्यासात समुद्रातल्या एका डायव्हला सरासरी साधारण १० मिली, म्हणजे दोन चमचे पाणी गिळलं जातं असं आढळलं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क वापरला की हे प्रमाण खूप घटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची शिफारस केलेली मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम आहे. नमुना त्याच्या वर असेल तर तिथे उतरायचं नाही, मग पाणी कितीही निवळ दिसो. तवंग प्रत्यक्ष दिसत असेल तर आकड्याचीही वाट पाहू नका.

तुषारांचाही विचार करा. २०१८ च्या फुलोऱ्यात फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या संशोधकांना किनाऱ्याजवळ वावरणाऱ्या लोकांच्या नाकातल्या नमुन्यांत मायक्रोसिस्टिन सापडलं होतं. हिरव्या पाण्यातून बोट वेगाने जात असेल तर मागच्या फळीवर तुषार खात बसू नका.

लाल भरती आणि हे हिरवं शेवाळ एकच का?

मुळीच नाही. लाल भरतीचा जीव कॅरेनिया ब्रेव्हिस. तो खाऱ्या पाण्यातला, आखातात किनाऱ्यापासून दूर सुरू होतो आणि गोडं पाणी त्याला सोसत नाही. म्हणून हिरवा तवंग आणि लाल भरती एकाच जागी सहसा नांदत नाहीत. किनाऱ्याजवळ आल्यावर जमिनीवरून आलेली पोषकद्रव्यं त्याला खाद्य पुरवतात, एवढाच तलावाशी धागा. २०१७ च्या शरदात सुरू झालेली लाल भरती २०१९ च्या सुरुवातीपर्यंत टिकली आणि मधल्या काळात पाम बीचपर्यंत पोहोचली.

लिटरमागे १०,००० पेशींच्या वर खोकला आणि डोळ्यांची चुरचुर होऊ शकते, १ लाखाच्या वर मेलेले मासे दिसायची शक्यता वाढते. राज्याचा मत्स्य व वन्यजीव आयोग हे आकडे नियमित देतो. धक्क्यावर उभं राहिल्यावर घसा खवखवला तर परत फिरा. दमा असेल तर धक्क्यापर्यंतही जाऊ नका.

कान, जखमा, जंतू?

किनाऱ्यांची तपासणी एंटेरोकोकस जंतूंवरून होते. १०० मिलीमध्ये ७१ किंवा जास्त आले की शेरा "खराब". हा नमुना कंबरभर पाण्यातला असतो, त्यामुळे किनाऱ्यावरून उतरून केलेल्या डायव्हला तो लागू पडतो, तीन मैल आतल्या रीफला फारसा नाही.

जखमेतून शरीरात शिरणाऱ्या व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूची भीती मात्र खरी ठेवा. त्याला कोमट, मचूळ पाणी आवडतं आणि विसर्ग किनाऱ्याला नेमकं तेच पुरवतो. ताजी जखम, नवा टॅटू, यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर असल्या पाण्यात उतरू नका. जलरोधक पट्टी लावून धकवू नका, ती पाण्याखाली सुटते. डायव्हनंतर खरचटलेलं दिसलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. काही तासांत लाली पसरली, फोड आले किंवा जखमेच्या मानाने दुखणं फारच वाढलं, तर सरळ इमर्जन्सीला जा आणि "समुद्राच्या मचूळ पाण्यात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा.

कानांसाठी डायव्हनंतर २ टक्के ॲसेटिक ॲसिडचे थेंब, प्रत्येक कानात पाच मिनिटं डोकं कलतं ठेवून. पडद्याला भोक असेल किंवा कान फुटलेला असेल तर थेंब अजिबात नकोत.

सामान कसं धुवायचं?

नळाच्या पाण्याने, त्याच दिवशी. धक्क्यावरच्या सामाईक टबात नाही. त्या टबात तुमच्याआधी दहा जणांनी तेच गढूळ पाणी झटकलेलं असतं.

रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) टँकला लावलेला, हवा चालू असताना धुवा. हवा बंद असताना पर्जचं (तोंडाकडच्या भागातून हवा सोडायचं) बटण दाबलं की घाण पाणी होजमधून पहिल्या टप्प्यात, म्हणजे टँकला लागणाऱ्या भागात शिरतं, आणि ही चूक सर्रास होते. टँकवरून काढल्यावर झाकण कोरडं करूनच बसवा. बीसीडीत एक-दोन लिटर पाणी भरून हलवा आणि तोंडाच्या नळीतून उलटं ओता. हे दोनदा करा. पहिल्यांदा पाणी चहासारखं आलं तर तिसऱ्यांदाही. आपण बीसीडी तोंडाने फुगवतो तेव्हा त्यातलीच हवा कधी तरी ओढली जाते, हे विसरायला होतं. वेटसूट, बूट आणि हातमोजे आतून-बाहेरून साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवून सावलीत उलटे वाळवा. हिरव्या तवंगातून चुकून गेलात तर अंघोळ आधी, सामान नंतर.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी अचानक थंड आणि हिरवट होतं. तेही तलावाचं?

नाही, ते तळातून वर येणारं खोल समुद्राचं पाणी. वर २९ अंश आणि ६० फुटांवर १८ ते २० अंश, असं या दिवसांत होतं. कसोटी सोपी: तलावाचं पाणी वर तरंगतं आणि उबदार असतं, हे पाणी खाली असतं आणि दात वाजवतं. ५ मिमीचा सूट बरोबर ठेवा. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याने लाटा उसळून पाणी दुधाळ होतं, त्याचाही तलावाशी संबंध नाही.

भाल्याने मारलेला मासा खावा का?

फुलोऱ्याच्या भागातला असेल तर आतडी आणि यकृत टाकून द्या, मांसाचे तुकडे नळाच्या पाण्याने धुऊन पूर्ण शिजवा. मेलेला किंवा सुस्त तरंगणारा मासा उचलू नका. शिंपले, कालवं तर अशा पाण्यातली नकोतच.

परिस्थिती सुधारते आहे का?

काही बाबतींत हो. बांधाची दुरुस्ती २०२३ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तलावाच्या पातळीचे नवे नियम लागू झाले, त्यांत सेंट लुसीकडे पाणी सोडण्याची वेळ कमी यावी असा प्रयत्न आहे. सी-४४ जलाशय २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये उभा राहिला, पण पाझरामुळे तो पूर्ण भरता आला नाही. तलावाच्या दक्षिणेचा मोठा जलाशय बांधला जातो आहे. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, एल निन्योच्या ओल्या हिवाळ्यानंतर, पूर्वेला पुन्हा विसर्ग झालाच. त्या वेळी निदान शेवाळाचा हंगाम नव्हता. पावसाळी वर्षं आली की दरवाजे उघडणार, हे गृहीत धरूनच बुकिंग करा. बोटवाल्याला आधीच विचारा की पाणी खराब असेल तर तारीख बदलून मिळते की पैसे परत.

तारकर्लीला डायव्हिंग शिकलेल्यांना यातलं काय उपयोगी?

तिकडे ओकीचोबीसारखा तलाव नाही, पण कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, आणि ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर, भरतीला समुद्राचं आत, हा नियम तोच. पावसाळा संपल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वरचा थर मचूळ आणि गढूळ सापडू शकतो. वर्गात शिकवलेला तरण्याचा तोल तिथे एकदा तपासून घ्या. गोव्यात ग्रांडे बेटाकडे जाताना झुआरीच्या मुखासमोर ओहोटीला तपकिरी आणि निळ्या पाण्याची सरळ रेघ दिसते, वर फेस आणि पालापाचोळा जमलेला असतो. स्टुअर्टलाही अगदी तशीच रेघ दिसते. बोट त्या रेघेच्या निळ्या बाजूला नांगरायला सांगा, आणि ओहोटी सुरू असेल तर रेघ डायव्ह संपेपर्यंत तुमच्या डोक्यावर येणार नाही ना, हे आधी विचारा.